न्यू ब्राउनफेल्स: प्रस्तरभंगावर बसलेले जर्मन गाव

मार्च १८४५ मध्ये प्रिन्स कार्ल ऑफ सोल्म्स-ब्राउनफेल्स या जर्मन सरदाराने टेक्सासमध्ये १,२६५ एकर जमीन १,१११ डॉलरला विकत घेतली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला, गुड फ्रायडेच्या दिवशी, जर्मन कुटुंबांच्या पहिल्या बैलगाड्या ग्वाडालुपे नदी ओलांडून तिथे पोहोचल्या आणि न्यू ब्राउनफेल्स वसले. खरे तर त्यांना मिळायची जमीन आणखी बरीच आत होती. समुद्रकिनाऱ्यापासून तिथपर्यंतच्या लांब वाटेवर मधला मुक्काम हवा, म्हणून ही खरेदी झाली. पण कुटुंबे तिथेच स्थिरावली, आणि १८५० मध्ये हे टेक्सासमधले चौथ्या क्रमांकाचे मोठे गाव होते.

गावात हिंडताना हा इतिहास जागोजागी फलकांवर वाचायला मिळतो. कुणी बांधले, कोणत्या साली, कोणत्या घराण्याने, हे सगळे त्यांवर असते. गाव इथेच का आणि घरे अशीच का, याचे उत्तर मात्र बहुतेक फलकांवर नाही. ते भिंतींच्या दगडात आणि नदीच्या पाण्यात आहे, आणि या दोन्हींचा उगम एकाच भूवैज्ञानिक इतिहासात आहे. मला या गावाची ओढ वाटते ती त्यामुळे.

साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळात, आजच्या मध्य टेक्सासवर उथळ, उबदार समुद्र होता. शिंपल्यांचे आणि इतर कवचधारी जीवांचे अवशेष त्याच्या तळाशी साचत गेले आणि त्यांचा चुनखडक झाला. पुढे, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, हा खडक एका लांबलचक पट्ट्यात तडकला. तड्यांच्या वायव्येचा भाग उंच राहिला आणि आग्नेयेचा, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडचा, टप्प्याटप्प्याने खाली गेला. हा बाल्कोनेस प्रस्तरभंगांचा पट्टा. ऑस्टिन, सॅन मार्कोस, न्यू ब्राउनफेल्स आणि सॅन अँटोनिओ ही चारही गावे त्याच्या कडेला ओळीने बसली आहेत. तो काही योगायोग नाही.

पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडकाच्या फटीत शिरले की खडक कणाकणाने विरघळतो. लाखो वर्षे हे चालू राहिले की फटींच्या वाहिन्या होतात आणि वाहिन्यांच्या गुहा. वरच्या पठारावरून येणारे ओढे या भेगाळलेल्या पट्ट्यावरून वाहताना आपले पाणी जमिनीत हरवून बसतात. हे पाणी एडवर्ड्स जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या पाणी साठवणाऱ्या खडकाच्या थरात, जाते. पुढे तोच चुनखडक, पाणी आत न शिरू देणाऱ्या थरांखाली दबलेला आहे. त्यामुळे आतले पाणी दाबाखाली असते, आणि जिथे प्रस्तरभंगाने वर यायला वाट दिली तिथे ते उसळून बाहेर पडते.

न्यू ब्राउनफेल्समधले कोमल झरे म्हणजे अशीच एक वाट. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातला हा सर्वांत मोठा झरेसमूह मानला जातो. सरासरी प्रवाह सेकंदाला आठ हजार लिटरच्या आसपास, आणि तापमान वर्षभर २३ अंश सेल्सिअसच्या आगेमागे. या झऱ्यांतून निघणारी कोमल नदी अवघी चार किलोमीटर वाहून ग्वाडालुपेला मिळते. ती गावातच जन्मते आणि गावातच संपते. मुक्कामासाठी प्रिन्सने हीच जागा निवडली ती या पाण्यासाठी. अर्थात पाण्याची किंमत त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या लोकांना ठाऊक होती. आदिवासी जमाती हजारो वर्षे या झऱ्यांवर येत होत्या, आणि १७५६ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनीही जवळच एक मिशन उभारले होते. ते दोन वर्षांतच बंद पडले.

गावाच्या नशिबाने पहिल्या पिढीतच दोन जाणकार शास्त्रज्ञ इथे आले. फर्डिनांड रोमर हा भूवैज्ञानिक १८४५ ते १८४७ या काळात टेक्सासमध्ये फिरला. न्यू ब्राउनफेल्स हा त्याचा महत्त्वाचा मुक्काम होता. इथल्या क्रिटेशस खडकांवर आणि जीवाश्मांवर त्याने १८५२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. टेक्सासच्या भूविज्ञानाचा जनक म्हणून त्याचे नाव घेतात. दुसरा फर्डिनांड लिंडहाइमर, फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेला वनस्पतिसंग्राहक. सेंट लुईसचे जॉर्ज एंगेलमन आणि हार्वर्डचे एसा ग्रे यांच्यासाठी तो रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा करी. त्याच्या नावाच्या कितीतरी वनस्पती आज शास्त्रीय याद्यांत आहेत. १८५२ पासून वीस वर्षे तो गावातल्या जर्मन वृत्तपत्राचा संपादकही होता. कोमल नदीच्या काठावरचे त्याचे घर अजून उभे आहे, आणि गावातल्या सगळ्या वारसा इमारतींत मला सर्वांत बोलके वाटते ते हेच छोटे घर.

हे घर फाखवेर्क पद्धतीचे आहे. या पद्धतीत आधी जाड लाकडांचा सांगाडा उभा करतात आणि मग त्याच्या चौकटी दगड, विटा किंवा मातीने भरून काढतात. छताचा भार सांगाडा पेलतो, भराव फक्त वारा-ऊन अडवतो. लाकडे एकमेकांत बसवायला एकाच्या टोकाला जीभ आणि दुसऱ्यात तिच्या मापाची खाच कोरतात, मग दोन्हींतून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकतात. चौकट आयताकृती असली तर जोराच्या वाऱ्यात ती कलू शकते. त्रिकोणाचे तसे नसते, त्याच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलतच नाही. म्हणून कोपऱ्यांत तिरक्या तुळया घालतात. फाखवेर्क घरांवर दिसणारी ती तिरकी नक्षी म्हणजे उघड्यावर मांडलेली भूमिती आहे.

जर्मनीत या कामाला मुख्यतः ओक वापरत. टेक्सासमध्ये सुतारांच्या हाताला वेगळी लाकडे लागली. टेकड्यांवर तिथले लोक ज्याला सीडर म्हणतात ते झाड होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते जुनिपर आहे. त्याच्या गाभ्याच्या लाकडात सुगंधी तेले असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहज शिवत नाही. नदीकाठी बाल्ड सायप्रस होते, तेही पाण्यात टिकणारे. भरावासाठी चुनखडकाचे तुकडे पायाशीच होते. सुतारकामाची रीत जुन्या देशातली, साहित्य मात्र पूर्णपणे इथले. पुढे हवेनेही आपली अट घातली. टेक्सासच्या कडक उन्हात आणि अवचित कोसळणाऱ्या पावसात उघडा सांगाडा त्रास देऊ लागला, तेव्हा अनेक घरांना बाहेरून चुन्याचा गिलावा झाला आणि पुढे लांब ओसरी आली. जर्मनीतल्या घराला ती ओसरी माहीत नव्हती.

पैसा आला तशी पूर्ण दगडी घरे वाढली. हात-दीड हात जाडीची चुनखडकाची भिंत दुपारची उष्णता शोषते आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र पडते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री उतरणाऱ्या हवेत अशा भिंतीमागे दुपार सुसह्य होते.

दगडांमधले दरजे, म्हणजे सांधे, भरायला चुना लागतो, आणि तोही त्याच खडकातून आला. चुनखडक भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळ्या फुटून विरतो. वाळू मिसळून भिंतीत भरल्यावर तो हवेतून पुन्हा कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू परत चुनखडकच होतो. जाड भिंतीत हे काम वर्षानुवर्षे चालते. झऱ्यांच्या वाहिन्या कोरणारा वायू आणि भिंत घट्ट करणारा वायू एकच आहे. आपल्याकडच्या वाड्यांना आणि किल्ल्यांना चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना धरून ठेवतो, त्यामागचे रसायनही हेच.

चुन्याचा दरजा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत ओल शिरली तर ती दरजांतून बाहेर पडते, आणि झीज व्हायचीच तर दरजाची होते. दरजा पुन्हा भरता येतो, दगड नाही. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी जुन्या भिंतींची दुरुस्ती पोर्टलंड सिमेंटने केली गेली. सिमेंट कठीण आणि दाट असते. ओलीला बाहेर पडायला मग दगडाचीच वाट उरते. पाणी दगडाच्या पृष्ठभागावर सुकते, त्यातले क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चांगल्या हेतूने केलेल्या डागडुजीने झालेले हे नुकसान भरून येत नाही. म्हणून वारसा इमारतींवर काम करणारे लोक आज मूळ दरजाचा नमुना तपासून त्याच जातीचे मिश्रण वापरण्याचा आग्रह धरतात. गावातले १८९८ चे कोमल काउंटी न्यायालय हे चुनखडकाच्या बांधकामाचे भारदस्त उदाहरण. वास्तुकार जेम्स रायली गॉर्डन यांच्या या इमारतीचा मोठा जीर्णोद्धार २०१३ मध्ये पुरा झाला.

टेक्सासमध्ये फलक लावण्याची परंपरा जुनी आहे. १९३६ मध्ये टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त ग्रॅनाइटचे फलक आणि स्मारके उभारली गेली. १९६२ पासून राज्याचा आजचा कार्यक्रम चालू आहे आणि त्यातून १६ हजारांहून अधिक फलक लागले आहेत. बहुतेक अॅल्युमिनियमचे ओतीव आहेत. इमारतीला वारसा दर्जाचा फलक हवा असेल तर ती किमान ५० वर्षांची आणि मूळ रूप बऱ्यापैकी टिकवलेली असावी लागते, आणि मग बाहेरून बदल करण्याआधी राज्याच्या ऐतिहासिक आयोगाला कळवावे लागते. आता गावातच सामील झालेली ग्रूने ही कापसावर वाढलेली वस्ती बोंडअळीने आणि मंदीने ओस पडली होती. तिथले १८७८ चे लाकडी नृत्यगृह आणि आसपासच्या इमारती १९७५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेल्या, म्हणून आज पाहायला मिळतात.

फलक काय सांगतो याइतकेच तो काय सांगत नाही हेही महत्त्वाचे. १८४७ मध्ये विल्यम मेरिवेदर याने झऱ्यांलगतची जमीन घेतली आणि गिरण्यांसाठी पाण्याचा पाट काढला. तो पाट खणला त्याच्या गुलामांनी. जर्मन वसाहतकारांत गुलाम बाळगणारे थोडे होते, हे खरे. तरीही गावाची पहिली यंत्रशक्ती ज्या पाण्याने दिली, त्याचा मार्ग गुलामांच्या हातांनी तयार झाला, आणि त्या हातांची नावे कुठल्या दगडावर नाहीत. राज्य आयोगाने अलीकडे न सांगितल्या गेलेल्या इतिहासासाठी वेगळे फलक सुरू केले आहेत. हे काम फार आधी व्हायला हवे होते.

प्रस्तरभंगाच्या ज्या कड्याने झरे दिले त्यानेच पूरही दिले. आखातावरून येणारी दमट हवा इथे पहिल्यांदा उंचवट्याला भिडते, वर चढते, थंड होते आणि कोसळते. माती पातळ, खाली खडक, उतार तीव्र. पाणी मुरायला जागाच नसते. याच कड्यालगत डहॅनिस इथे ३१ मे १९३५ रोजी पावणेतीन तासांत सुमारे ५५९ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तेवढ्या वेळेपुरता तो जगातल्या विक्रमी नोंदींत गणला जातो. न्यू ब्राउनफेल्सच्या वर ग्वाडालुपेवर १९६४ मध्ये कॅन्यन धरण पूर्ण झाले, पण मे १९७२ चा पाऊस बव्हंशी धरणाच्या खालच्या बाजूला पडला. चार तासांत सुमारे ४०० मिलिमीटर. गावात माणसे वाहून गेली.

जुलै २००२ मध्ये धरणच भरले आणि सांडव्यावरून पाणी पहिल्यांदा बाहेर पडले. सांडव्याखालच्या दरीत माती आणि झाडे होती. तीन दिवसांत तिथे दोन किलोमीटरहून लांब आणि सरासरी सात मीटर खोल घळ कोरली गेली. मीटरभर आकाराचे चुनखडकाचे ठोकळे पाण्याने थरांवरून उपटून नेले. एवढी घळ व्हायला हजारो वर्षे लागतात असे आपण सहज धरून चालतो. नुसत्या अंदाजाने नव्हे, प्रत्यक्ष मोजमापांनी संशोधकांनी दाखवले की आधीच भेगाळलेल्या खडकात हे काम एका पुरात होऊ शकते. घळीत आता प्रस्तरभंगाची फट उघडी पडली आहे, डायनोसॉरच्या पावलांचे ठसेही आहेत, आणि तिथे मार्गदर्शकासह जाता येते.

पुरापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती उलट्या टोकाची. १९५० च्या दशकात टेक्सासमध्ये सलग काही वर्षे दुष्काळ होता आणि जलधरातून उपसा चालूच होता. १३ जून १९५६ रोजी कोमल झरे थांबले आणि १४४ दिवस थांबलेलेच राहिले. फाउंटन डार्टर नावाचा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसलेला मासा त्या काळात कोमल नदीतून नाहीसा झाला. १९७५ मध्ये सॅन मार्कोसमधून आणून तो इथे पुन्हा सोडावा लागला. झऱ्यांत आणि त्यांच्या खालच्या अंधाऱ्या वाहिन्यांत राहणारे काही भुंगेरे आणि एक आंधळा कवचधारी जीव आज केंद्रीय कायद्याने संरक्षित आहेत.

तो दुष्काळ किती असाधारण होता? याचे उत्तर नदीकाठच्या सायप्रस झाडांनी दिले. पावसाच्या वर्षी त्यांचे वर्षवलय रुंद होते, दुष्काळात अरुंद. मध्य टेक्सासमधल्या जुन्या सायप्रसांच्या वलयांवरून संशोधकांनी सुमारे इ.स. १५०० पर्यंतचा दुष्काळांचा आलेख मांडला, आणि १९५० च्या दशकापेक्षा लांब किंवा तीव्र दुष्काळ त्यात एकाहून अधिक वेळा दिसतात. प्रिन्सला जमीन विकत घेताना हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याला आहे.

त्या संरक्षित जिवांच्या बाजूने न्यायालयात दावा लढवला गेला, आणि १९९३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने एडवर्ड्स जलधर प्राधिकरण स्थापले. आता सॅन अँटोनिओतल्या एका निरीक्षण विहिरीची पातळी किंवा कोमल झऱ्यांचा प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की परवानाधारक शेते, शहरे आणि कारखाने यांच्या उपशात टप्प्याटप्प्याने कपात लागू होते.