उणीव दाखवण्याचं धाडस

जॉन स्वेल्स या इंग्रजीच्या अभ्यासकाने ४८ शोधनिबंधांच्या फक्त प्रस्तावना तपासल्या आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. विषय वेगवेगळे, पण मांडणीचा सांगाडा बराचसा सारखा होता. १९९० मध्ये त्यांनी तो तीन टप्प्यांत बसवला. आधी विषय आणि त्याचं महत्त्व, मग आतापर्यंतच्या संशोधनात काय राहून गेलं ते, आणि शेवटी ती उणीव आपण कशी भरणार ते. प्रबंधाची प्रस्तावना लांबलचक असल्याने तिच्यात हे टप्पे आलटून पालटून अनेकदा येतात.

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्याची अडचण व्याकरणाची, असा सर्वसाधारण समज आहे. मला खरी अडचण दुसऱ्या टप्प्यात दिसते. तिथे नवख्याने जाणत्यांच्या कामातली उणीव दाखवायची असते, आणि तीही तोलून मापून. ‘यावर कोणीच काम केलेलं नाही’ हे विधान एखादा जुना निबंध सापडला की कोसळतं. ‘यावर फारसं काम झालेलं दिसत नाही’ हे टिकतं. केन हायलंड आणि जॉन मिल्टन यांनी १९९७ मध्ये हाँगकाँग आणि ब्रिटनमधल्या शालेय विद्यार्थ्यांच्या निबंधांची तुलना केली. हाँगकाँगच्या मुलांची विधानं जास्त ठाम होती आणि शंका किंवा शक्यता व्यक्त करणारे त्यांचे शब्द मोजकेच होते. बेताने बोलायलाही शब्दसंपत्ती लागते.

स्वतःबद्दल लिहिताना मात्र उलट होतं. हायलंड यांनी २००२ मध्ये हाँगकाँगमधल्या पदवी विद्यार्थ्यांचे ६४ प्रकल्प-अहवाल प्रसिद्ध शोधनिबंधांशी ताडून पाहिले. निबंधांचे लेखक जवळजवळ चौपट वेळा ‘मी’ किंवा ‘आम्ही’ म्हणत होते. विद्यार्थी ‘मी’ वापरत ते उद्देश किंवा पद्धत सांगताना. स्वतःचं मत ठामपणे मांडायची वेळ आली की तो ‘मी’ गायब!

याचं कारण संस्कृतीत शोधायचा मोह जुना आहे. रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये इंग्रजीतली मांडणी सरळ रेषेने आणि इतर भाषासमूहांची वळणावळणाच्या रेषांनी दाखवली होती. त्या आकृत्या गाजल्या, पण त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली, आणि ती रास्तच होती. परकी भाषा चाचपडत लिहिणाऱ्याच्या लेखनावरून त्याच्या विचाराची घडण कशी ठरवायची? शिवाय इंग्रजी मातृभाषा असलेला विद्यार्थीही पहिल्या प्रबंधात याच दुसऱ्या टप्प्यावर अडखळतो. विषयाच्या महत्त्वावर पानं भरतात, पण नेमकी उणीव कोणती हे सापडत नाही. स्वेल्स यांनीही पुढे असंच म्हटलं, की मातृभाषेपेक्षा अनुभवी आणि नवखे हा भेद अधिक खरा आहे.

भाषेचं ओझं त्यामुळे नाहीसं होत नाही. परक्या भाषेत लिहिणाऱ्याला त्याच वाक्यासाठी जास्त वेळ घालवावा लागतो. म्हणूनच मार्गदर्शकाने मसुद्यातल्या शब्दयोगी अव्ययांवर लाल खुणा करण्याआधी त्यात दुसरा टप्पा आहे का, हे पाहायला हवं. तो नसेल, तर व्याकरण निर्दोष करूनही प्रस्तावना उभी राहत नाही.