टप्प्यांची पाणीपट्टी (टेलिस्कोपिक दर)

टप्प्यांची पाणीपट्टी म्हणजे घरगुती नळाला लावायची अशी आकारणी की गरजेपुरतं पाणी स्वस्त मिळतं आणि त्याच्या पुढे वापर जसा वाढत जाईल तसा पुढच्या पाण्याचा दर चढत जातो. पालिकेतले लोक याला टेलिस्कोपिक दर म्हणतात. मीटरवरचे 1000 लिटर म्हणजे एक युनिट. समजा महिन्याला पहिल्या 10 युनिटला प्रत्येकी 8 रुपये, पुढच्या 10 ला 16 आणि 20 च्या वर 32 रुपये असा दर ठेवला, तर 9 युनिट वापरणाऱ्या घराला 72 रुपये येतील आणि 26 युनिट वापरणाऱ्याला 80 अधिक 160 अधिक 192 म्हणजे 432. वापर तिप्पट पण नाही, बिल मात्र सहापट, आणि सगळा जोर त्या वरच्या 6 युनिटांवर पडतो, जी बहुतेक वेळा अंगणात, बागेत नाहीतर गाडी धुण्यात गेलेली असतात.

कोकणात याची गरज काय, इथे तर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, असं बाहेरचा माणूस विचारतो. पण तो सगळा चार महिन्यांत पडतो, जांभ्यातून झिरपून आणि उतारावरून धावून समुद्राला मिळतो, आणि एप्रिल उजाडला की वरच्या वाड्यांना टँकर लागतो. गावच्या नळपाणी योजनेचं पाणी साधारण खालच्या नदीकाठच्या विहिरीतून पंपाने वरच्या टाकीत चढवतात, तिथून ते उताराने वाड्यांना जातं, त्यामुळे इथलं पाणी म्हणजे अर्धी वीजच, आणि योजनेचा मोठा खर्च पंपाच्या लाईटबिलाचा असतो. एवढं असून खूप गावांत पाणीपट्टी वर्षाला कनेक्शनमागे एक ठरलेली रक्कम. दोन हंडे आणि एक बादली भरणारी एकटी म्हातारी आणि त्याच लाईनवर पाईप लावून पोफळीची बाग शिंपणारा, दोघांची पावती सारखी. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं, आणि लाईनच्या शेवटच्या टोकाला जी वाडी आहे तिला विचारा, तिच्या नळाला तेव्हा नुसती हवा येते.

सगळं ठरतं ते पहिला टप्पा केवढा ठेवलाय यावर. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी रोज 55 लिटर धरलेत, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला सव्वाआठ युनिट. शहरात 135 लिटर धरतात, त्या हिशोबाने तेच घर 20 युनिटवर जातं. आता टप्पा घरामागे ठेवला की एकत्र कुटुंबाची पंचाईत होते, आठ-नऊ माणसं एका नळावर असली की काटकसर करूनही ती वरच्या दरात जातात आणि दोन माणसांचा बंगला स्वस्तात राहतो. मुंबई महापालिकेने म्हणून माणशी रोजचा हिशोब लावला, 150 लिटरपर्यंत मूळ दर, 200 पर्यंत दुप्पट, 250 पर्यंत तिप्पट, त्यावर चौपट. गावात तर हे अजून सोपं आहे, कुणाच्या घरात किती माणसं हे ग्रामपंचायतीत सगळ्यांना तोंडपाठ असतं.

चढ्या दराचा फक्त वरच्या पाण्यालाच चटका बसला पाहिजे. दिल्लीत महिन्याला 20000 लिटर फुकट, पण त्याच्या वर गेलात की सगळ्याच पाण्याचे पैसे, म्हणजे एका बादलीसाठी बिल एकदम शून्यावरून वर उडी मारतं आणि मग भांडणं मीटर रीडिंगवर येतात. दर मनाला येईल तसा चढवूनही चालत नाही, कॅलिफोर्नियात 2015 साली सान हुआन कॅपिस्ट्रानो शहराचे टप्पे अपील कोर्टाने रद्द केले, कारण वरचा दर पाणी पुरवायच्या खर्चाशी जुळवून दाखवला नव्हता. शिवाय दराचा असर मर्यादितच, ढोबळमानाने 10 टक्के दर वाढला की वापर 3-4 टक्क्यांनी उतरतो, तोही बागेच्या पाण्यात जास्त आणि चुलीजवळच्या पाण्यात जवळजवळ नाहीच.

मीटर खरा नसेल तर मात्र सगळंच फसतं. आमच्याकडे पाणी दिवसातून तासभर येतं, व्हॉल्व्ह सोडला की आधी पाईपातली हवा फुसफुसत सुटते आणि त्या हवेवर मीटरची चक्री गरागरा फिरते, थेंब पडायच्या आधी आकडा पुढे, आणि लोक मग मीटर काढूनच ठेवतात. म्हणून लाईनच्या उंच जागांवर हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय टप्पे लावूच नयेत. घाट चढून गेलं की कराडजवळच्या मलकापूरने 24 तास पाणी, मीटर आणि टेलिस्कोपिक दर हे तिन्ही एकत्र केलं, आणि ते एकत्र केलं म्हणूनच ते चाललं असं माझं मत आहे. खऱ्या मीटरचा घरालाही उपयोग असतो, लाईनला पाणी असताना घरातले सगळे नळ बंद करून मीटरमधल्या त्या छोट्या लाल चक्रीकडे बघत बसा, ती हळूहळू सरकत असली तर कुठेतरी गळतंय.

कोकणापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या लागतात. बऱ्याच घरांना परसात विहीर असते, त्यामुळे नळाचा वापर पावसाळ्यात तसाही पडतो आणि विहिरीने तळ गाठला की सगळे एकदम नळावर येतात, म्हणून चढा दर मार्च ते जूनलाच कडक ठेवावा. आणि मुंबईकरांची कुलूपबंद घरं, ती गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, वर्षभर त्यांचं युनिट शून्य, पण त्यांच्यासाठी टाकी, पाईप, पंप सगळं तयार ठेवावं लागतं, तेव्हा थोडा स्थिर आकार, म्हणजे वापर शून्य असला तरी भरायची ठरलेली रक्कम, सगळ्यांनाच हवा आणि टप्पे त्याच्या वर. बिल मात्र महिन्याच्या महिन्याला, कारण मे मधल्या वापराचं बिल ऑगस्टात हातात पडलं तर तेव्हा दारातला वहाळ भरून वाहत असतो आणि तो आकडा कुणी वाचत पण नाही.