नाईलवर दोघांनी जायचं तर: वडोदऱ्याच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

इजिप्तमधल्या नाईल नदीवरच्या क्रूझची चौकशी करायला येणाऱ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती रात्री आणि किती पैसे. पैशांचं शेवटी बोलू. रात्रींबद्दल आमचं मत मात्र आधीच सांगून टाकतो. जोडीनं जाणार असाल तर तीन नको, चार रात्री घ्या, आणि लक्सरला चढून आस्वानला उतरा.

लक्सर ते आस्वान हे अंतर नदीतून दोनशे किलोमीटरच्या थोडं वर भरतं. जहाजाला त्याला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो काठावर. तीन रात्रींची सहल बहुधा आस्वानहून निघते आणि लक्सर शेवटी येतं. म्हणजे बघण्यासारखं सगळ्यात जास्त जिथे आहे, तिथेच बॅग भरायची घाई. चार रात्रींच्या सहलीत जहाज सुरुवातीला लक्सरलाच बांधलेलं असतं. पहिल्या दुपारी पूर्व काठ, दुसऱ्या सकाळी पश्चिम काठ, आणि मग निवांत प्रवास. बॅग एकदाच उघडायची, पुढची शहरं आपणहून खिडकीशी येतात.

केव्हा जावं? ऑक्टोबर ते एप्रिल. जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो, दुपारी टोपी. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत भाव सगळ्यात चढे असतात. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडचीच गर्दी होते, त्यामुळे जमत असेल तर फेब्रुवारी धरा. लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात असेल तर तो वडोदऱ्यातच साजरा करा आणि सहल पुढे ढकला. तेव्हा लक्सरमध्ये पारा 40 च्या आसपास असतो, आणि तो उन्हाळा आपण इथे फुकटात सोसतोच.

लक्सर

कर्नाकच्या मंदिरातल्या मोठ्या सभामंडपात 134 खांब आहेत. मधले 12 सुमारे 21 मीटर उंच. त्यांच्यामध्ये उभं राहून फोटो काढायला गेलं तर माणूस येतो नाहीतर खांब येतो. लक्सरचं मंदिर दिवे लागल्यावर बघावं. त्याच्या दारातल्या दोन ओबेलिस्कपैकी (उंच, टोकदार दगडी स्तंभ) एकच जागेवर आहे, दुसरा 1836 पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे.

पश्चिम काठावर राजांच्या दरीत साठाहून जास्त थडगी सापडली आहेत. साध्या तिकिटात तीन बघता येतात. तूतनखामूनच्या थडग्याचं तिकीट वेगळं, आणि सगळे तेच मागतात. 1922 मध्ये हॉवर्ड कार्टरला ते सापडलं, त्याची कीर्ती मोठी, पण जागा लहान आहे. राजाची ममी तिथे आहे, खजिना नाही. खजिना बघायचा तर कैरोजवळ गिझाला, नोव्हेंबर 2025 मध्ये रीतसर उघडलेल्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये. म्हणून गिझासाठी एक पूर्ण दिवस आम्ही आधीच धरतो. दरीत एकच जादा तिकीट काढायचं असेल तर आमची पसंती सहाव्या रामसेस राजाच्या थडग्याला. तिथलं छत बघताना मान दुखते, तेवढं चालतं.

कमाटीबागेतल्या म्युझियममधली ममी तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेलच. निघण्याआधी एका रविवारी दोघं जाऊन पुन्हा बघून या. सयाजीराव महाराजांनी ती इथवर आणवली, आणि आता तिच्या गावाकडे आपण निघालो आहोत.

एस्नाचा दरवाजा

एस्नाला नदीवर बंधारा आहे (पहिला 1908 मध्ये झाला) आणि जहाजाला लॉकमधून जावं लागतं. पाण्याच्या हौदात जहाज शिरतं, दार बंद होतं, पाणी भरतं आणि आपण काठाच्या पातळीला वर येतो. रांग असली तर ताटकळावं लागतं. पण करमणूक तिथेच सुरू होते. खाली लहान होड्यांमधून फेरीवाले येतात आणि गलाबिया (पायघोळ झगे), शाली, टेबलक्लॉथ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून थेट वरच्या डेकवर फेकतात. पिशवी नेमकी तुमच्या खुर्चीजवळ पडते. भाव खालून ओरडून. पसंत पडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाही पडलं तर माल परत फेकायचा. नेम चुकून पाण्यात पडला तर वाद होतो, म्हणून विकत घ्यायचं नसेल तर पिशवीला हातच लावू नका. जहाजावर एका रात्री गलाबिया घालून जेवायला यायचा कार्यक्रम असतो. बहुतेक काकांची खरेदी इथेच उरकते, आणि मापाची पंचाईत काकूंना रात्री निस्तरावी लागते.

एडफू आणि कोम ओम्बो

एडफूचं होरस देवाचं मंदिर इसवीसनापूर्वी 237 मध्ये सुरू होऊन 57 मध्ये पुरं झालं. इजिप्तमधल्या सगळ्यात धड राहिलेल्या मंदिरांत ते मोजलं जातं. धक्क्यापासून तिथे घोडागाडीनं नेतात. घोड्यांचे हाल बघवत नसतील, किंवा उतरताना होणारी बक्षिसीची घासाघीस नको असेल, तर आम्हाला बुकिंगच्या वेळीच सांगा, मोटारीची सोय करायला सांगू.

कोम ओम्बो बहुधा संध्याकाळी येतं. मंदिर काठावरच, चालत जायचं. ते दोन देवांचं जोड-मंदिर आहे: एक बाजू होरसची, दुसरी सोबेक या मगरमुखी देवाची. शेजारच्या लहान म्युझियममध्ये मगरींच्या ममी ओळीनं मांडल्या आहेत. आवारात पुराची पातळी मोजायची खोल विहीर आहे. पूर किती आला त्यावरून पीक किती येणार आणि सारा किती घ्यायचा, याचा अंदाज बांधत.

नदीत मगर दिसेल का, हा प्रश्न वडोदऱ्याचा माणूस विचारतोच. नाही दिसत. आस्वानचं उंच धरण 1970 मध्ये पुरं झाल्यापासून मगरी धरणाच्या वर, नासर सरोवरात राहतात, आणि तुमचं जहाज धरणाच्या खाली फिरतं. मगरच बघायची असेल तर पावसाळ्यात विश्वामित्रीचा पूल बरा.

आस्वान

फिले बेटावरचं इसिस देवीचं मंदिर धरणांच्या पाण्यात बुडत होतं. 1970 च्या दशकात ते दगड-दगड सोडवून शेजारच्या उंच बेटावर पुन्हा उभं केलं. चित्रलिपीतला माहीत असलेला शेवटचा कोरीव लेख इथलाच, इसवीसन 394 चा. तिथे मोटरबोटीनं जायचं, चढ-उतार आहे, गुडघ्यांनी कुरकुर केली तर सावकाश.

संध्याकाळी फेलुका घ्या. ही शिडाची होडी, इंजिन नाही. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, त्यामुळे जाताना शीड आणि येताना प्रवाह कामी येतो. या सहलीत दोघांनीच करायची एकच गोष्ट निवडायची झाली तर आम्ही हीच निवडू.

अबू सिंबेल इथून रस्त्यानं सुमारे 280 किलोमीटर. पहाटे चारच्या सुमारास निघून दुपारी परत. झोपेचं खोबरं होतं, तरी जा. दुसऱ्या रामसेसचं डोंगरात कोरलेलं मंदिर 1964 ते 1968 मध्ये कापून सुमारे 65 मीटर वर नेऊन बसवलं आहे, आणि जोड कुठे आहे ते शोधावं लागतं. शेजारचं लहान मंदिर त्याच्या राणीचं, नेफर्तारीचं.

जहाजाबद्दल खरं खरं

धक्क्यावर जहाजं एकाला एक चिकटून बांधतात, चाळीतल्या खोल्यांसारखी. तुमचं जहाज बाहेरच्या बाजूला असेल तर काठावर जायला तीन-चार परक्या जहाजांच्या लॉबीतून जावं लागतं. मधलं असेल तर पडदा उघडल्यावर समोर दुसऱ्याची खोली. याला इलाज नाही, जहाज निघालं की नदी दिसते. खोली घेताना मात्र दोन गोष्टी बघतो. सगळ्यात खालच्या डेकवरची नको, आणि इंजिनाजवळची नको. लक्सरहून जाताना उजवी बाजू पश्चिमेची, म्हणजे मावळतीची. ती मागून बघतो, हमी देत नाही.

बऱ्याच जहाजांवर खोलीत दोन सुटे पलंग असतात. जोडपलंग हवा असेल तर ते आम्ही बुकिंगच्या कागदावर लिहून घेतो. रात्री चेक-इनच्या वेळी भांडून काही होत नाही.

शंभर-दीडशे माणसांचा गलका नको असेल तर दहाबिया बघा. ही शिडांची लहान बोट, मोजक्याच खोल्यांची, वारा पडला की टग ओढून नेतो. महाग पडते आणि वेळही जास्त घेते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला शोभते.

शाकाहारींनी घाबरायचं कारण नाही. भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि तळलेला कांदा यांची कोशरी, सकाळी फूल नावाची बाकल्याची उसळ, तामिया (बाकल्याचे तळलेले वडे), ताहिनी (तिळाची चटणी), गरम पाव. मोलोखिया या हिरव्या भाजीच्या रश्शात बहुधा कोंबडीचं पाणी असतं, ते विचारून घ्या. सेव उसळीची सर तिथे कशालाच नाही, म्हणून लसणाची चटणी आणि थेपले बॅगेत असू द्या. पाणी बाटलीचंच प्या.

आता पैशांचं

पॅकेजमध्ये खोली, तीन वेळचं जेवण, गाईड आणि ठरलेल्या मंदिरांची तिकिटं येतात. जेवणाबरोबरच्या बाटलीबंद पाण्याचेही बऱ्याच जहाजांवर वेगळे पैसे लागतात. अबू सिंबेल, बलूनमधली सैर, जादा थडगी, व्हिसा आणि बक्षिसी वेगळी. जहाजावरच्या नोकरांसाठी शेवटच्या दिवशी एकत्र पाकीट ठेवतात. आमच्या कोटेशनमध्ये काय आहे आणि काय नाही हे दोन रकान्यांत लिहिलेलं असतं, सही करण्याआधी दुसरा रकाना नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी तिकीट आता कार्डानंच मिळतं, तेव्हा परदेशात चालणारं कार्ड हवं. पॅकेजवर नियमाप्रमाणे टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) लागतो. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

वडोदऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून कैरोचं विमान, पुढे लक्सरला तासाभराचं उड्डाण.

पहिल्या भेटीला दोघांचे पासपोर्ट घेऊन या. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. व्हिसाचे नियम बदलत असतात, बुकिंगच्या दिवशी लागू असलेला नियम आम्ही लेखी देऊ. नेहमीच्या औषधांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठीही आणा. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर इजिप्तमध्ये कडक बंदोबस्त आहे, लोक अडचणीत आले आहेत, त्यामुळे तशी गोळी चालू असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी आम्हाला आणि डॉक्टरांना सांगा.