बॉबल आणि पॉपकॉर्न: काउलचे गोळे आत का जातात

थंडी सुरू झाली की क्रोशाने काउल, म्हणजे गळ्याभोवती बसणारा बिनटोकांचा गोल मफलर, विणणाऱ्यांकडून एक निरोप मला ठरलेला असतो. "ताई, व्हिडिओत दाखवलं तसंच केलं, पण माझे सगळे गोळे आतल्या बाजूला गेले." सोबत फोटो. बाहेरून काउल सपाट आणि जागोजागी खळ्या पडलेला, आतून उलटवून पाहिला की टपोऱ्या, एकसारख्या गोळ्यांच्या रांगा. विणणारीचा हात चांगला असतो, ताण सारखा असतो, मोजणीही चुकलेली नसते. पॅटर्नमध्ये पॉपकॉर्न नावाचा फुगीर टाका होता आणि तिने त्याच्यासारखाच दिसणारा बॉबल घातला, एवढंच झालेलं असतं. कारण कुणीतरी तिला सांगितलेलं असतं, "अगं, दोन्ही सारखंच." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता सविस्तर लिहूनच टाकते. दोन्ही सारखं नाही. काउलमध्ये तर अजिबात नाही.

साखळी, मुका खांब, खांब हे क्रोशाचे मूळ टाके तुम्हाला येतात असं धरून चालते. ज्यांनी तोरणं, रुमाल, बाळंतविड्यातली टोपरी केली आहेत त्यांना ते नव्याने शिकवायला नको. पफ स्टिच या तिसऱ्या फुगीर टाक्याचा गोंधळही एका वाक्यात मिटतो: त्यात खांब नसतातच, नुसते लांब ओढलेले लूप एकत्र बांधलेले असतात, म्हणून तो मऊ आणि गुळगुळीत दिसतो. त्याला बाजूला ठेवू.

बॉबल घालताना एकाच टाक्यात पाच खांब घालायचे, पण एकही पूर्ण करायचा नाही. प्रत्येक खांबाचा शेवटचा लूप सुईवरच ठेवायचा. पाच झाले की सुईवर सहा लूप होतात. मग लोकर घेऊन ती सहाही लुपांतून एकदम ओढायची आणि वर एक साखळी घालून तोंड आवळायचं. पाच खांब आणि त्यांचं डोकं एकच.

पॉपकॉर्नमध्येही खांब पाचच, टाकाही एकच, पण इथे प्रत्येक खांब पूर्ण करायचा. पाच खांबांची पाच डोकी दिसली पाहिजेत. मग सुई लुपातून काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची, सोडलेला लूप पकडून त्यातून ओढायचा आणि साखळीने बंद करायचं. पहिलं आणि पाचवं डोकं जवळ आल्यामुळे मधल्या तिघांना दुमडून पुढे यावंच लागतं.

इथपर्यंत सगळ्या जणी सांगतात. "एकात सुई काढायची, एकात नाही" एवढ्यावर विषय संपवतात, आणि नेमकं जे सांगायला हवं ते राहून जातं: गोळा कोणत्या बाजूला फुगणार?

पॉपकॉर्नची बाजू तुम्ही ठरवता. सुई पहिल्या खांबाच्या डोक्यात पुढून मागे घातली, तर गोळा तुमच्याकडे फुगतो. मागून पुढे घातली, तर पलीकडे. म्हणजे तो सुलट फेरीतही घालता येतो, उलट फेरीतही.

बॉबलमध्ये अशी सोय नाही. तो नेहमी तुमच्यापासून पलीकडे फुगतो. खांब मुक्या खांबापेक्षा उंच. बॉबलच्या दोन्ही बाजूंना मुके खांब असले की त्याचं डोकं शेजाऱ्यांच्या उंचीवर खाली ओढलं जातं, मधलं पोट जास्तीचं उरतं आणि ते मागे सरकतं. म्हणूनच पट्टीसारख्या सरळ विणकामात बॉबल उलट बाजूच्या ओळीत घालतात. तुम्ही उलट बाजू समोर धरून विणता, गोळा पलीकडे म्हणजे सुलट बाजूला उठतो, आणि काम वळवलं की समोर येतो. शाल, उशीचा अभ्रा, बाळाचं ब्लँकेट यांत हे आपोआप जमून जातं, त्यामुळे वर्षानुवर्षं विणणाऱ्यांनाही त्यामागचं कारण कधी शोधावं लागत नाही.

मग त्या काउल घेतात. काउल गोल. साखळी जोडली की फेरीमागून फेरी, आणि सुलट बाजू सतत आपल्यासमोर. उलट बाजूची ओळ येतच नाही. घातलेला प्रत्येक बॉबल पलीकडे जातो, आणि गोल कामात पलीकडे म्हणजे आत, मानेकडे. आठ-दहा फेऱ्या होईपर्यंत लक्षातही येत नाही, कारण बॉबल घालताना हातात जाडसर लागतो आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

यावर "बोटाने बाहेर ढकला" हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मुळीच पटत नाही. बोटाने ढकललेले बॉबल फोटोपुरते बाहेर राहतात. चार दिवस वापरून काउल धुतला की त्यातले निम्मे परत आत. इतक्या कष्टाने केलेली वस्तू दर धुण्यानंतर दुरुस्त का करत बसायची?

खरा उपाय म्हणजे गोल विणतानाही दर फेरीला काम वळवणं. फेरी संपली की पहिल्या टाक्यात स्लिप स्टिचने, म्हणजे उंची न वाढवणाऱ्या जोडटाक्याने, जोडा, एक साखळी घाला, काम वळवा आणि जिथे जोडलं त्याच टाक्यात पहिला मुका खांब घाला. आता एक फेरी सुलट, एक उलट अशी मिळते. बॉबल उलट फेरीत घाला, ते बाहेरच उठतील. याचा आणखी एक फायदा आहे. न वळवता विणलं की उजव्या हाताने विणणाऱ्यांची जोडाची रेघ हळूहळू उजवीकडे तिरकी सरकते. वळवून विणलं की ती जवळजवळ सरळ राहते.

मी वापरते ते मोजमाप सांगते. मध्यम जाडीची लोकर, 5.5 मिमीची सुई, 10 सेंमीत साधारण 14 मुके खांब. 84 साखळ्या घेतल्या की घेर 60 सेंमी होतो. डोक्यातून सहज जातो आणि गळ्याशी बसतो. पीळ न पडू देता जोडा. पहिली फेरी सगळे मुके खांब. दुसरी फेरी उलट बाजूची: तीन मुके खांब, एक बॉबल, असं 21 वेळा. मग तीन फेऱ्या साध्या. सहाव्या फेरीत बॉबल दोन टाके सरकवायचे: एक मुका खांब, एक बॉबल, मग तीन मुके खांब आणि एक बॉबल असं 20 वेळा, शेवटी दोन मुके खांब. मग पुन्हा तीन साध्या. उंची 22 ते 24 सेंमी झाली की पुरे.

त्या तीन साध्या फेऱ्यांकडे नीट बघा. तीनच्या दोन केल्या तर बॉबलची एक फेरी उलट बाजूला येईल आणि पुढची सुलट बाजूला. म्हणजे एक रांग बाहेर, एक आत. "लोकर वाचवायला मधली एक फेरी कमी केली" असं म्हणून असा काउल घेऊन आलेल्या माझ्या वर्गातच आहेत. मधल्या साध्या फेऱ्यांची संख्या विषम हवी. एक चालेल, तीन चालतील, पाच चालतील. दोन आणि चार चालत नाहीत. पॉपकॉर्न असता तर दोनही चालल्या असत्या, फक्त सुई कुठल्या बाजूने घालायची ते प्रत्येक वेळी बघावं लागलं असतं.

मोजणीचा फासही इथेच आहे. बॉबलच्या डोक्यावर आवळणारी साखळी असते. पुढच्या फेरीत डोक्यात एक आणि त्या साखळीत एक असे दोन मुके खांब पडले की 84 चे 105 होतात आणि काउल खाली नरसाळ्यासारखा पसरतो. दोन्ही मिळून टाका एकच. बॉबलच्या वरच्या फेरीत एकदा मोजाच.

आता इंग्रजी पॅटर्न वाचणाऱ्यांसाठी. अमेरिकन "डबल क्रोशे" म्हणजे आपला खांब. ब्रिटिश "डबल क्रोशे" म्हणजे आपला मुका खांब, आणि आपल्या खांबाला ते "ट्रेबल" म्हणतात. ब्रिटिश पॅटर्न अमेरिकन समजून वाचला की साध्या फेऱ्याही खांबाच्या होतात. मग बॉबल नेहमीसारखा आपल्या खांबांचाच घातला तर त्याचे शेजारी बॉबलइतकेच उंच, पोट जास्तीचं उरतच नाही आणि गोळा उठतच नाही. नक्षीचा तक्ता असेल तर शब्दांच्या फंदात न पडता चिन्हं बघा. बॉबलच्या चिन्हात दांड्या खाली आणि वर एका बिंदूत मिळतात आणि त्यांच्यावर आडव्या रेघा असतात. पॉपकॉर्नच्या दांड्यांवर लंबगोल टोपी असते. आडव्या रेघा नसलेला फुगीर आकार म्हणजे पफ.

तयार वस्तू हातात आली तर उलटी करून बघा. पॉपकॉर्नच्या मागे पोकळी असते, करंगळीचं टोक आत जाईल इतकी, आणि गोळा बोटाने इकडेतिकडे हलतो. बॉबल मागून जवळजवळ भरीव लागतो आणि जागचा हलत नाही.

ही पोकळीच काउलसाठी मला नको असते. पॉपकॉर्न देखणा आहे, बॉबलपेक्षा जास्त ठसठशीत उठतो, आणि सुती दोऱ्याच्या चादरीत किंवा उशीच्या अभ्र्यात त्याला तोड नाही. पण काउल मानेला घासून बसतो. पॉपकॉर्नच्या मागच्या सुट्या लुपांत मंगळसूत्राची वाटी अडकते, झुमका अडकतो, आणि ओढला गेला की खांब लांबतो. शिवाय प्रत्येक गोळ्याला सुई काढून परत घालायची, म्हणजे हाताची लय तुटते. काउलला बॉबलच घालावा, आणि काम वळवून घालावा, हे माझं ठाम मत आहे. एखादीला पॉपकॉर्नच आवडत असतील तर खालच्या काठाला एक रांग घालावी, तिथे दागिना पोचत नाही.

आणि काउल पूर्ण झाला की त्यावर इस्त्री फिरवू नका. आपल्याकडे मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रिलिक असते. उष्णतेने ती लुळी पडते, आणि चपटा झालेला बॉबल परत उठत नाही. कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा, टांगून न ठेवता सावलीत पसरा, आणि ओला असतानाच एकेका बॉबलभोवतीचे मुके खांब बोटाने खाली दाबून घ्या.