आन्सरिंग मशीनच्या दोन कॅसेट: पेन्सिल कुठे चालते, कुठे नाही

पंचवटीतल्या एखाद्या जुन्या घराचा माळा आवरताना दोन कॅसेटचं आन्सरिंग मशीन (फोन उचलला नाही तर निरोप टेप करून ठेवणारं यंत्र) सापडलं, की पुढचा उद्योग ठरलेला. कॅसेट बाहेर काढायची, चाकात पेन्सिल खुपसायची आणि गरागरा फिरवायची. दुरुस्तीवालेसुद्धा हेच करतात, याचा मला खरा वैताग आहे.

लोकांचे निरोप ज्या कॅसेटवर उतरतात ती आपली नेहमीचीच. दोन चाकं, इकडची टेप तिकडे. तिला पेन्सिल खुशाल लावा. फक्त सी-६० घ्या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांची. सी-९० ची टेप पातळ असते आणि अशा मशीनमध्ये सतत मागेपुढे होऊन लवकर ताणते. गाण्याची जुनी कॅसेटही घालू नका. तिच्या सुरुवातीच्या लीडरवर, म्हणजे चुंबकीय लेप नसलेल्या कोऱ्या तुकड्यावर, आवाज उमटत नाही, त्यामुळे पहिल्या माणसाचं नाव हमखास गळतं.

‘आम्ही घरी नाही, निरोप ठेवा’ हे ज्या कॅसेटवर असतं, ती मात्र बऱ्याच मशीनमध्ये लूप कॅसेट असते. आकार तोच, लेबलवर २० किंवा ३० सेकंद असा आकडा. खिडकीतून बघा: टेपचं भेंडोळं एकच दिसेल. त्या टेपला सुरुवात नाही, शेवट नाही. दोन्ही टोकं जोडलेली. ती भेंडोळ्याच्या पोटातून निघते, हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) जाते आणि बाहेरच्या थरावर परत गुंडाळली जाते. आतला वेढा लहान, बाहेरचा मोठा, त्यामुळे टेप चालताना सगळे थर एकमेकांवरून घसरत राहावे लागतात. म्हणून तिच्या पाठीवर ग्राफाइटचा लेप असतो.

आता हीच टेप उलटी फिरवा. बाहेरचा थर ओढला जातो आणि आत टेप कोंबली जाते. तिथे जागाच नसते. भेंडोळं आवळतं, कॅसेट जाम. म्हणून हिला रिवाइंड नाही, पेन्सिल तर नाहीच. टेप सैल पडून बाहेर लोंबत असेल, तर उघडी कड खाली धरून बोटाने हलकेच डावीकडून उजवीकडे सरकवा, बस्स.

जोडाजवळ धातूची चकचकीत पट्टी दिसते. तिच्यावरून मशीनला कळतं की फेरा पूर्ण झाला. कचरा समजून ती खरवडणारे महाभाग आहेत! मग मशीनला थांबायचं कुठे ते समजत नाही. टेप स्पिरिटने पुसणं हाही तसलाच आगाऊपणा, कारण ग्राफाइट निघून जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस हेडपुरताच ठेवा.

पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी धरते. मशीन वापरात नसेल तर दोन्ही कॅसेट काढून सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवा. आणि विजा कडाडायला लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही, फोनची वायरही काढा. स्पाइक गार्ड साधा असेल तर तो फक्त विजेच्या बोर्डाकडून येणारा झटका अडवतो, फोनच्या लाइनवरून येणारा नाही.