मिरचीची आग आणि नागिणीचा ठणका

फाल्गुन सरत आला की कोल्हापुरात घरोघरी वर्षाच्या चटणीची तयारी सुरू होते. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची गच्चीवर वाळत पडते, देठे खुडली जातात आणि मग पिशव्या भरून कांडपाला जातात. दिवसभर देठे खुडणाऱ्या बायकांच्या हातांची त्या रात्री अशी आग होते की हात पाण्यात बुडवून बसले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. हातावर फोड नसतो, कातडी कुठे भाजलेली नसते, तरीही तक्रार भाजल्याचीच असते. वेदनेच्या आधुनिक संशोधनातील एक महत्त्वाचा शोध नेमक्या याच आगीचा माग काढताना लागला.

मिरचीतील तिखट द्रव्य म्हणजे कॅप्सायसिन. ते शरीरात नेमके कशावर काम करते हे शोधण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने वेदना टिपणाऱ्या चेतापेशींमधील जनुकांचे असंख्य तुकडे, कॅप्सायसिनला एरवी मुळीच दाद न देणाऱ्या पेशींमध्ये घातले आणि कोणत्या तुकड्यामुळे त्या पेशी मिरचीने चेततात हे चिकाटीने तपासले. 1997 मध्ये जे प्रथिन हाती लागले, ते आज टीआरपीव्ही-1 या नावाने ओळखले जाते. चेतापेशीच्या पापुद्र्यात बसलेले हे एक सूक्ष्म दार आहे आणि ते साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की उघडते. कॅप्सायसिन त्याला बिलगले की तेच दार शरीराच्या नेहमीच्या तापमानालाही उघडते आणि मेंदूकडे बातमी जाते ती भाजल्याची. म्हणजे आपण ‘आग होते’ म्हणतो ते अलंकारिक नाही. मज्जासंस्थेच्या दृष्टीने ते शब्दशः खरे आहे. पक्ष्यांमधील हेच प्रथिन कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची मिटक्या मारत खातो. ज्युलियस यांना 2021 चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्यासह विभागून मिळाले. पटापूटियन यांनी स्पर्श आणि दाब ओळखणारी प्रथिने शोधली होती. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे हाताला आधी खोबरेल तेल चोळून मग साबणाने धुण्याची आपल्याकडील रीत रसायनशास्त्राला धरूनच आहे.

बातमी निघाली तरी ती एका वेगाने पोहोचत नाही. पायाचा अंगठा उंबरठ्याला ठेचकाळला की आधी डोक्यापर्यंत जाणारी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. कळ आणणारे तंतू पातळ आवरणाचे असतात आणि संदेश सेकंदाला 5 ते 30 मीटर या गतीने नेतात; ठणका आणणाऱ्या बारीक, आवरणहीन तंतूंची गती सेकंदाला जेमतेम 1 मीटरच्या आसपास असते. कळ, ठणका, चमक, शिणक, ठसठस हे आपले शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि डॉक्टरांनीही ते नीट ऐकावेत असे मला मनापासून वाटते. रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 मध्ये रुग्णांच्या तोंडच्या अशाच 78 इंग्रजी शब्दांची प्रश्नावली तयार केली, ती वेदना मोजण्यासाठी जगभर वापरली गेली.

याच मेल्झॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासह 1965 मध्ये मांडले की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक फाटक असते. स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू चेतले की ते फाटक काहीसे लोटले जाते. ठेच लागताच आपण अंगठा चोळतो त्याचे हे कारण. वरून मेंदूही ते फाटक ओढून घेऊ शकतो. खासबागेत कुस्ती रंगात असताना खांदा दुखावलेल्या पैलवानाला पुष्कळदा त्याचा पत्ताच नसतो. हौदाबाहेर आल्यावर हात वर होत नाही तेव्हा ते कळते. फाटकाच्या मूळ आराखड्यातील काही तपशील पुढे बदलावे लागले. मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो हे मात्र जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे दाखवून दिले.

हे सारे मी वाचू लागलो ते माझ्या आत्यामुळे. सत्तरीत तिला नागीण झाली. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मणक्याजवळच्या चेतागाठींत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि उतारवयात एखाद्या चेतेच्या वाटेने कातडीवर उतरतो. म्हणून नागीण बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उमटते, आणि तिची दोन टोके मिळाली की माणूस दगावतो ही समजूत निराधार आहे. आत्याचे फोड तीन आठवड्यांत सुकले, दुखणे मात्र राहिले. पदर बरगडीवरून नुसता घसरला तरी ती कळवळून उठायची. झंपर सैल शिवून घेतला, तोही सोसवेना. एका डॉक्टरांनी कातडी पाहून सांगितले की आता काही उरलेले नाही, मन रमवा. ती घरी येऊन रडली, ते मी विसरू शकत नाही.

उरलेले होते, पण ते कातडीत दिसणारे नव्हते. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की इजेच्या संदेशांचा मारा झाला की मज्जारज्जूतील पेशी स्वतःच हळव्या होतात आणि त्यानंतर साध्या स्पर्शालाही वेदनेसारखा प्रतिसाद देतात. नागिणीत तर चेतेचे तंतूही जखमी झालेले असतात आणि काहीही न लागता संदेश सोडत राहतात. अशा दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. चेतांची उत्तेजना कमी करणारे गॅबापेंटिनसारखे औषध लागते. आत्याला पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तेच दिले आणि महिनाभराने ती रात्री सलग चार तास झोपू लागली.

याच दुखण्यावर 8 टक्के कॅप्सायसिनची एक पट्टीही आहे, तिला 2009 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तासभर लावल्यावर ती आधी चांगलीच आग करते, मग टीआरपीव्ही-1 बाळगणारी चेतांची टोके कातडीतून मागे सरतात आणि काही रुग्णांना तीन महिन्यांपर्यंत आराम पडतो. हे काम दवाखान्यातच करायचे असते. घरची चटणी किंवा मिरचीचे तेल दुखऱ्या जागी लावल्यास इजाच होईल. पट्टी लावणाऱ्या परिचारिकेला नायट्राइलचे हातमोजे घालावे लागतात, नाहीतर त्या रात्री तिच्या हातांची तीच गत होते, जी आपल्याकडे देठे खुडणाऱ्या बायकांची होते.