चारपैकी एक गप्प : जुन्या पिकअपचे ‘मिसिंग’ कसे शोधतात

निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे कांद्याच्या गोण्या भरून उभी असलेली पंधरा-वीस वर्षांची डिझेल पिकअप सुरू केली, की पहिली काही मिनिटे तिचे सारे अंग थरथरते, सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो आणि इंजिनाचा ठेका दर काही घावांनंतर चुकत राहतो. गॅरेजच्या भाषेत ही गाडी ‘मिसिंग मारते’. एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन होत नाही किंवा अर्धवट होते, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ते का होत नाही याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील काही अत्यंत स्वस्त, तर काही फार महाग आहेत.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असेल, तर एका सिलिंडरच्या वाट्याला मिनिटाला ४०० ज्वलने येतात, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास. चार सिलिंडरचे इंजिन बहुधा १-३-४-२ या क्रमाने पेटते आणि दर अर्ध्या फेरीला क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. त्यातला एक धक्का गळाला की फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकाचे जड चाक) क्षणभर मंदावते आणि पुढचा धक्का मिळताच सावरते. सेकंदाला सहा-सात वेळा होणारे हे मंदावणे आणि सावरणे म्हणजेच गिअरच्या दांड्यावर हाताला जाणवणारी थरथर होय. नव्या गाड्यांतील संगणक क्रँकशाफ्टवरील दातेरी चक्राचा वेग मोजून नेमके हेच ताडतो. जुन्या गाडीत ते काम मिस्त्रीचा हात आणि कान करतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जुन्या इंजिनांत हवा आपल्या आकारमानाच्या सुमारे अठराव्या ते बाविसाव्या भागापर्यंत दाबली जाते, त्यामुळे ती ५०० अंशांच्याही पुढे तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून डिझेल गाडीच्या मिसिंगचा शोध हवेच्या दाबाभोवती आणि डिझेलच्या फवाऱ्याभोवती फिरतो.

मात्र पाना हातात घेण्याआधी गाडी केव्हा मिस मारते हे विचारावे, आणि माझ्या मते निम्मे निदान याच प्रश्नात असते. थंडीत मिस मारणारी आणि गरम झाल्यावर सुरळीत चालणारी गाडी असेल, तर एखाद्या सिलिंडरचा दाब कमी झाल्याचा किंवा इंजिनाला हीटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारे प्लग) असल्यास त्यातला एखादा गेल्याचा संशय घ्यावा. कारण कमी दाबलेली हवा थंड भिंतींना उष्णता देऊन बसते आणि डिझेल न पेटता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. उभी असताना ठीक, पण कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना अडखळणारी गाडी डिझेलची उपासमार सांगते आणि तेथे आधी फिल्टर पाहावा. थंड असो वा गरम, संथ चालताना एकसारखा एकच ठोका चुकत असेल, तर एकच सिलिंडर दोषी आहे असे धरून पुढे जावे.

तो कोणता, हे शोधण्याची जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांवरील रीत मला फार आवडते. इंजिन संथ चालू ठेवून एका इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, नळीचा नट किंचित सैल करतात, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल पोहोचत नाही. सिलिंडर चांगला असेल तर इंजिनाचा आवाज लगेच बिघडतो आणि थरथर वाढते. नट पुन्हा आवळून दुसऱ्याकडे वळतात. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि नटावर फडके धरावे. उघडा हात कधीही फवाऱ्यासमोर नेऊ नये, कारण दाबाखालचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि दिसायला बारीक असलेल्या त्या जखमेला तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल देणारी नवी रचना) असलेल्या गाडीवर ही चाचणी मुळीच करू नये. तेथील दाब १,००० बारच्या वर जातो. तेथे निदान-यंत्र लावूनच सिलिंडर एकेक बंद करतात.

सिलिंडर सापडला, आता दोष फवाऱ्याचा की दाबाचा? समजा तिसरा सिलिंडर गप्प आहे. तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात बसवावा, बाकी काहीही बदलू नये. मिसिंग दुसऱ्यात सरकले तर इंजेक्टर दोषी. तिसऱ्यातच राहिले तर इंजेक्टर निर्दोष असून दाब किंवा पंप तपासावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलणे हा प्रयोगशाळेतला नियम येथे तसाच्या तसा लागू पडतो.

इंजेक्टरच्या टोकाचा नोझल हा विलक्षण बारकाईचा भाग आहे. त्याची सुई आणि तिच्याभोवतीचे घर यांतील फट २ ते ४ मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. सातपूरच्या बॉश कंपनीच्या ज्या कारखान्याला नाशिककर आजही ‘मायको’ म्हणतात, तेथे हेच नोझल बनतात, आणि मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसते याची मला खंत वाटते. एवढ्या अरुंद फटीत पाण्याचा अंश गेला तरी गंज धरून सुई अडकते. शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये रात्रीच्या गारव्याने पाणी साचते, त्यामुळे फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू नियमाने उघडावा. नोझल बिघडला आहे का, हे इंजिनाचे डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडील हातपंपाच्या चाचणीयंत्रावर डोळ्यांनी दिसते: चांगला नोझल ठरलेल्या दाबाला धुक्यासारखा फवारा सोडतो, खराब नोझल थेंब गाळतो किंवा पिचकारी मारतो.

दाब कमी निघाला तर पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना आणून इंजिन फिरणार नाही असे रोखावे, त्या सिलिंडरमध्ये काँप्रेसरची हवा सोडावी आणि ऐकावे. एअर क्लीनरमधून फुसफुस आली तर इनलेट वॉल्व्ह गळतो, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅसकेट (सिलिंडरांवरच्या झाकणाखालचा, म्हणजे हेडखालचा पट्टा) फुटले आहे. वॉल्व्ह गळत असल्यास हेड उतरवण्याआधी टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतील, फट मोजावी. ती नाहीशी झाली तर निरोगी वॉल्व्हही पूर्ण मिटत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका द्राक्ष बागाईतदाराची पिकअप रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मिस मारत असे. एका गॅरेजने तिचा पूर्ण पंप बदलला आणि मिसिंग तसेच राहिले. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने टाकीकडून येणाऱ्या वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि तीत बुडबुडे धावताना दाखवले. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) आधीची रबरी नळी चिरली होती. त्या भागात डिझेल ओढले जात असल्याने आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून इंजिन चालू असताना चिरेतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते, आणि जमिनीवर एक थेंबही न दिसल्याने कुणाचे लक्ष तिकडे गेले नव्हते. रात्री मात्र त्याच चिरेतून हवा शिरून डिझेल टाकीकडे मागे सरत असे. नळी बदलली, हातपंप मारून एअर काढली. तरीही मिस्त्रीने त्या दिवशी गाडी ठीक झाल्याचे सांगितले नाही. ती रात्रभर उघड्यावर उभी करायला लावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, स्वतः येऊन चावी फिरवली.